टिकी बार: नाव पॉलिनेशियाचं, जन्म हॉलिवूडचा, हात फिलिपिनो

प्रश्न असा आला आहे: "आम्ही दोघं लेकीकडे कॅलिफोर्नियाला जाणार आहोत, तिथून आठवडाभर फ्लोरिडा. जावई म्हणतो टिकी बार बघायलाच हवेत. हा प्रकार खरोखर पॉलिनेशियन आहे, की बांबू-झावळ्या लावून पर्यटकांना गंडवायचा धंदा? आता बघण्यासारखं काय उरलंय? आणि मी एखादा ग्लास घेतो, पण बायको घेत नाही, शिवाय शाकाहारी आहे. तिचं काय?"

आधी सरळ उत्तर. टिकी बार म्हणजे बांबू, झावळ्या आणि कोरीव मूर्तींनी पॉलिनेशियाचा, म्हणजे प्रशांत महासागरातल्या हवाई-ताहिती-सामोआ अशा बेटांचा, भास करून देणारा रमचा बार. तो पॉलिनेशियन नाही. त्यातली रम कॅरिबियन बेटांवरची, स्वयंपाक बहुतेक कॅन्टोनीज म्हणजे दक्षिण चिनी, सजावट हॉलिवूडच्या सेटवरून आलेली आणि ग्लास भरणारे हात पहिल्यापासून फिलिपिनो. ताहिती-सामोआकडचं पारंपरिक पेय म्हणजे कावा. मिरी आणि नागवेलीच्या कुळातल्या एका झुडपाचं मूळ कुटून पाण्यात कालवतात. त्यात अल्कोहोल नसतंच. मग गंडवणूक म्हणायची का? मी म्हणणार नाही. टिकी ही विसाव्या शतकातली अस्सल अमेरिकन कला आहे, नाटक-सिनेमाच्या जवळची. चांगल्या टिकी बारमध्ये एका ग्लासात जेवढं कसब ओतलेलं असतं, तेवढं मी दुसऱ्या कुठल्याही प्रकारच्या बारमध्ये पाहिलेलं नाही. माझी कामाची बहुतेक वर्षं बारच्या आतल्या बाजूला गेली. आधी मुंबईतली हॉटेलं, मग क्रूझ, मग अमेरिका. रम हा माझा मुख्य विषय. त्यामुळे पुढचं सगळं त्या बाजूने लिहितोय.

सुरुवात होते ती अमेरिकेतली दारूबंदी उठते तिथून, म्हणजे डिसेंबर १९३३. व्हिस्की मुरायला वर्षं लागतात, आणि दारूबंदीत तिचे साठे आटलेले. कॅरिबियन बेटांवर मात्र मुरलेली रम पडून होती, तीही स्वस्तात. अर्नेस्ट गँट नावाचा एक भटका तरुण तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये मिळेल ते काम करत होता. त्याने हॉलिवूडमध्ये मॅकॅडन प्लेसवर एक लहानशी जागा घेतली. जुनी जाळी, फुटक्या होड्यांचं लाकूड, प्रवासात जमवलेल्या वस्तू असं सगळं भिंतींवर टांगलं आणि नाव दिलं 'डॉन्स बीचकोंबर'; काही वर्षांनी तेच 'डॉन द बीचकोंबर' झालं. पुढे त्याने स्वतःचं नावही कायदेशीर बदलून डॉन बीच करून घेतलं. गिऱ्हाईक उठायच्या बेतात दिसलं की तो छपराच्या पत्र्यावर पाइपने पाणी सोडायचा. पाऊस लागला म्हणून लोक परत बसायचे आणि अजून एक मागवायचे, असं सांगतात. टिकी बारमधला खोटा पाऊस तिथून आला, आणि तो आजही पडतो.

पण त्याचं खरं मोठेपण पत्र्यावर नाही, ग्लासात आहे. जमैकाच्या 'प्लँटर्स पंच' या रमच्या पेयात आंबट, गोड, कडक आणि पातळ यांचा तोल असतो. डॉनने तो घेतला आणि प्रत्येक बाजू दुहेरी-तिहेरी केली. एका रमऐवजी तीन: एक हलकी, एक जमैकाची उग्र वासाची, एक गयानातली डेमेरारा, जिला जळक्या साखरेचा, धुराचा वास असतो. आंबटपणासाठी लिंबाच्या जोडीला ग्रेपफ्रूट. साखरेच्या जागी दालचिनीचा पाक, मध, लवंग-आलं-लिंबाच्या सालीचं फॅलर्नम नावाचं सिरप. वरून बिटर्स (मसाल्यांचा कडू अर्क) आणि बडीशेपेच्या वासाच्या पेर्नो या मद्याचे मोजून काही थेंब. त्याच्या १९३४ च्या 'झॉम्बी'त अशी तब्बल १२० मिलिलिटर रम होती, त्यातली ३० मिलिलिटर नेहमीच्या रमच्या जवळपास दुप्पट कडक. म्हणून एका माणसाला दोनच द्यायचे, हा नियम. नियमाने प्रसिद्धी मिळाली हे खरं, पण दोन झॉम्बी पोटात गेलेला माणूस मी उठताना पाहिलाय. नियम योग्यच होता.

झॉम्बी बनताना बघायला मिळाला तर काउंटरवरच बसा. धातूच्या उंच कपात आधी थेंबांचे जिन्नस जातात, मग पाक, मग लिंबू, आणि रम शेवटी. माप चुकलंच तर महागडी रम वाया जाऊ नये, हा त्यातला हिशेब. मग बर्फाचा चुरा. कप उभ्या मिक्सरला लावतात, तोच जुन्या अमेरिकन सोडा फाउंटनवर मिल्कशेक घुसळायला असायचा. पात्याऐवजी त्याला एक दांडी आणि टोकाला चकती असते. ती तीन ते पाच सेकंद फिरवायची, त्याहून जास्त नाही. इतक्या वेळात पेय गोठणबिंदूच्या जवळ जातं, वर बारीक फेस येतो आणि हवं तेवढंच पाणी सुटतं. दहा सेकंद फिरवलं तर पाणचट. चांगला बारटेंडर घड्याळ बघत नाही. चुरा विरघळू लागला की मिक्सरचा आवाज बदलतो, तो ऐकून कप खाली ओढतो. हे साधायला मला एक अख्खा सीझन लागला.

डॉनच्या कृती चोरायला सगळे टपलेले. शेजारचा बार जास्त पगार देऊन त्याचा माणूस फोडायचा. म्हणून त्याने बाटल्यांवरची नावंच काढून टाकली. मागच्या खोलीत मिश्रणं तयार व्हायची, आणि पुढे उभ्या असलेल्या माणसाला एवढंच ठाऊक: 'डॉन्स मिक्स' अर्धा औंस, 'स्पाइसेस नंबर ४' अमुक इतकं. त्यामुळे मालक गेल्यावर कृतीही गेल्या. पन्नास वर्षं लोक झॉम्बीच्या नावाखाली अननसाचा रस आणि लाल सिरप पीत होते. जेफ बेरी नावाच्या अभ्यासकाने जुन्या बारटेंडरांना, त्यांच्या मुलाबाळांना गाठून हा गुंता वर्षानुवर्षं सोडवला. डॉनकडे काम केलेल्या डिक सांतियागोची १९३७ ची खिशातली वही त्याच्या हाती आली, तीसुद्धा सांकेतिक भाषेतच लिहिलेली. शेवटी उलगडलं ते असं: डॉन्स मिक्स म्हणजे दोन भाग ग्रेपफ्रूटचा रस, एक भाग दालचिनीचा पाक. इतकं साधं, पण त्याशिवाय झॉम्बी झॉम्बी होत नाही. २००७ मध्ये ही कृती छापून आली आणि आमच्या धंद्यात खळबळ उडाली.

सांतियागो हे आडनाव लक्षात घ्या. फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं, आणि १९३४ च्या कायद्याने दारं जवळपास बंद होईपर्यंत तिथले हजारो तरुण कॅलिफोर्नियात शेतमजुरी, हॉटेलकाम करायला आले. अमेरिकन गिऱ्हाइकांना ते 'बेटांवरचे' दिसायचे, म्हणून मालक त्यांना पुढे उभं करायचे. पण बार चालवायचे ते चेहऱ्यावर नाही, हातावर. लिंबं पिळणं, पाक उकळणं, चुरा तयार ठेवणं आणि रात्रभर एकसारखं पेय देत राहणं हे सगळं त्यांचं. रे ब्यूएन सुरुवातीच्या काळात डॉनकडे होता. मग गावातल्या निरनिराळ्या बारमध्ये राबून १९६१ मध्ये त्याने सनसेट बुलेव्हार्डवर स्वतःचा 'टिकी-टी' उघडला. मारियानो लिकुदिने डॉनच्या शिकागोच्या शाखेतून फ्लोरिडाला गेला आणि तिथल्या 'माय-काय' रेस्टॉरंटची पेयांची अख्खी यादी त्याने बसवली. या माणसांची नावं मालकांच्या मेन्यूवर फारशी छापली गेली नाहीत. टिकीचा इतिहास सांगताना दोन गोऱ्या मालकांचं नाव घेऊन थांबायचं, हे मला पटत नाही. म्हणून मी ज्यांना ज्यांना शिकवलं, त्यांना पहिल्या दिवशी ही नावं सांगितली.

दोन मालकांतला दुसरा म्हणजे व्हिक्टर बर्जरॉन, 'ट्रेडर व्हिक'. लहानपणी हाडाच्या क्षयाने त्याचा एक पाय गेलेला. ओकलंडमध्ये १९३४ मध्ये त्याने 'हिंकी डिंक्स' नावाचं साधं खाणं-पिणं सुरू केलं. हॉलिवूडला जाऊन डॉनचा बार बघितला आणि परत येऊन आपल्या जागेचं रूपच पालटून टाकलं. आपण तिथून प्रेरणा घेतली हे त्याने लपवलं नाही. पेयांत तो डॉनइतका गुंतागुंतीचा नव्हता, पण धंद्यात आणि स्वयंपाकघरात पुढे होता. लाकडावर चालणाऱ्या मोठ्या चिनी भट्ट्या त्याने गिऱ्हाइकांना दिसतील अशा बसवल्या. पॉलिनेशियन म्हणून खपलेलं 'क्रॅब रँगून', म्हणजे खेकडा आणि क्रीम चीज भरून तळलेले वाँटन, त्याच्याच मेन्यूतून देशभर पसरलं. पुढे हिल्टन हॉटेलांच्या साथीने तो जगभर गेला.

त्याची १९४४ ची माय ताय हा माझ्या मते रमचा सगळ्यात सुंदर उपयोग. सतरा वर्षं मुरलेली जमैकन रम, ताज्या लिंबाचा रस, क्युरासाओ नावाचं संत्र्याच्या सालीचं गोड मद्य, बदामाचं सिरप आणि खडीसाखरेचा पाक. बस. अननस नाही, संत्र्याचा रस नाही, लाल रंग नाही. ती सतरा वर्षांची रम थोड्याच काळात संपली, आणि तिची चव जुळवण्यासाठी त्याला जमैका आणि मार्टिनिकच्या रम एकत्र कराव्या लागल्या. १९५३ मध्ये होनोलुलूच्या रॉयल हवायन हॉटेलसाठी त्याने पेयांची यादी केली, तेव्हा माय ताय हवाईला पोहोचली. पुढे तिथे तिच्यात अननस शिरला. आज जगभर माय ताय म्हणून जे गोडमिट्ट मिळतं ते त्याचं पोर. बदामाचं सिरप घरी करणं आपल्याला अवघड नाही: बदाम भिजवून, वाटून, गाळून साखर विरघळवायची आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी घालायचं. फक्त वेलची-केशर घालायचा मोह आवरा. मग बाकी काही जिभेवर येतच नाही.

आता बार देशभर कसे पसरले ते थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात लाखो अमेरिकन सैनिक प्रशांत महासागरातल्या बेटांवर गेले. परतल्यावर त्यांना चिखल, डास आणि मेलेले सोबती आठवायचे नव्हते, समुद्र आठवायचा होता. १९४७ मध्ये नॉर्वेचा संशोधक थॉर हेयरदाल याचा प्रशांत महासागर ओलांडणारा 'कॉन-टिकी' तराफा गाजला, १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचं राज्य झालं, जेट विमानं आली. त्याच वर्षी मार्टिन डेनीच्या वाद्यवृंदाची 'क्वाएट व्हिलेज' ही धून अमेरिकेत तुफान चालली. होनोलुलूच्या एका उघड्या बारमध्ये वाजवताना शेजारच्या तळ्यातले बेडूक ओरडायचे, म्हणून वादक गमतीने पक्ष्यांचे आवाज काढू लागले, आणि तेच त्यांची ओळख झाले. डॉनची घटस्फोटित पत्नी सनी सुंड हिने त्याच्या नावाची साखळी सोळा ठिकाणी नेली. डॉन स्वतः वायकिकीला जाऊन राहिला. कोरीव लाकडी मूर्ती, ज्यांच्यावरून या प्रकाराला नाव मिळालं, त्या या दुसऱ्या लाटेत दारादारांत उभ्या राहिल्या. त्यातल्या कितीतरी मूर्ती व्हिटियरच्या 'ओशनिक आर्ट्स' या कारखान्यातून आलेल्या. लिरॉय श्मॉल्ट्झ आणि बॉब व्हॅन ओस्टिंग यांनी १९५६ पासून २०२१ पर्यंत तो चालवला.

आपल्या मुंबईपर्यंतही ही लाट आली होती. नरिमन पॉइंटच्या ओबेरॉय टॉवर्समध्ये 'आउटरिगर' नावाचं पॉलिनेशियन रेस्टॉरंट होतं.

या काळातल्या मोठ्या वास्तूंपैकी मला सर्वांत जास्त खंत वाटते ती ओहायोतल्या कोलंबसच्या 'काहिकी'ची. १९६१ मध्ये उघडलेलं. समुद्रापासून शेकडो मैल आत, बर्फ पडणाऱ्या गावात, उलट्या होडीसारखं उंच छप्पर, दाराशी ज्वाळा निघणारी दगडी मुंडकी. आत एका बाजूला झोपड्यांची ओळ आणि त्यांच्या मागच्या काचांवर ठरावीक वेळाने वादळ यायचं. वीज चमकायची, पाऊस वाहायचा. टोकाला डोळे पेटलेली भली थोरली मूर्ती, तीच शेकोटी. १९९७ मध्ये ही इमारत ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत आली. तरी २००० मध्ये पाडली आणि त्या जागी औषधांचं दुकान उभं राहिलं. अमेरिकेत त्या यादीत नाव असलं तरी खासगी मालकाला स्वतःच्या पैशाने इमारत पाडता येते, हे बऱ्याच जणांना तेव्हाच समजलं. टिकीप्रेमी जागे झाले ते या घावाने. त्यानंतर जे वाचलं त्यात काहिकीचा वाटा आहे.

वाचलेल्यांत पहिला मान फोर्ट लॉडरडेलजवळच्या 'माय-काय'चा, आणि तुम्ही फ्लोरिडाला जाताच आहात तर हे चुकवू नका. बॉब आणि जॅक थॉर्नटन हे शिकागोचे दोघे भाऊ डॉनच्या तिथल्या शाखेचे चाहते. डिसेंबर १९५६ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ओसाड माळावर हे उघडलं. जेवणाची वेगवेगळ्या बेटांची दालनं, मागे धबधब्यांची बाग. मोलोकाई बारमध्ये बसलात तर खिडकीच्या काचेवरून पाणी सतत ओघळत असतं, आणि आत अंधार इतका की मेन्यू वाचायला डोळे सरावावे लागतात. लिकुदिनेने बसवलेली पेयं अजून तिथे मिळतात. नृत्याचा कार्यक्रम साठच्या दशकापासून चालू आहे. बॉब थॉर्नटनची पत्नी मिरेल ही ताहितीची. तिने तो पिढ्यानपिढ्या बसवला, म्हणून इथलं नृत्य इतर ठिकाणच्या तमाशापेक्षा कितीतरी खरं वाटतं. ऑक्टोबर २०२० मध्ये मुसळधार पावसात स्वयंपाकघराचं छप्पर कोसळलं, आणि आता हेही गेलं असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. चार वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०२४ च्या अखेरीस ते परत उघडलं.

कॅलिफोर्नियात लेक कुठे राहते त्यावर ठरवा. सॅन फ्रान्सिस्कोजवळ असेल तर फेअरमाँट हॉटेलची 'टोंगा रूम'. ती १९४५ ची, आणि मधोमध असलेलं तळं म्हणजे हॉटेलचा १९२९ चा पोहण्याचा तलाव. वाद्यवृंद तरंगत्या होडीवर बसतो, अधूनमधून छतातून पाऊस पडतो. पेयांसाठी मी तिथे जाणार नाही, पण खोली बघण्यासारखी आहे. पेयांसाठी त्याच गावात 'स्मगलर्स कोव्ह' गाठा. मार्टिन केटने ते २००९ मध्ये उघडलं. तीन मजले, प्रत्येक लहानसा, आणि रमच्या शेकडो बाटल्या. टिकीचं पुनरुज्जीवन म्हणतात ते ज्यांच्या खांद्यावर उभं आहे, त्यांतलं हे एक. ट्रेडर व्हिकच्या घराण्याचं रेस्टॉरंटही पलीकडे एमरीव्हिलला खाडीकाठी आहे. लॉस एंजेलिस असेल तर फक्त टिकी-टी. काउंटरला बारा स्टुलं आणि थोडी टेबलं, एवढंच. खायला काही मिळत नाही. ब्यूएनचा मुलगा आणि नातू ते चालवतात. 'ब्लड अँड सँड' हे पेय कोणी मागवलं की अख्खा बार 'तोरो! तोरो!' (स्पॅनिशमध्ये 'बैल') ओरडतो. सॅन डिएगो असेल तर शेल्टर आयलंडचं १९५५ चं 'बाली हाय' संध्याकाळी. टिकी बार सहसा खिडक्या बुजवतात, याने मात्र खाडी आत घेतली आहे.

खिडक्यांचा विषय निघालाच आहे तर चांगला टिकी बार ओळखायचा कसा, ते सांगतो. दारातून थेट आत शिरता येत नाही. एखादं वळण, छोटा पूल, पडदा, अंधारी बोळ असते. बाहेरच्या उजेडाचा विसर पडावा म्हणून. आत घड्याळ नाही, टीव्ही नाही. उजेड कमी आणि रंगीत, बहुधा फुगवून वाळवलेल्या माशांच्या दिव्यांचा किंवा मासेमारीच्या जाळ्यांना बांधतात त्या काचेच्या गोळ्यांचा. एवढं सगळं असून लिंबू बाटलीतलं असेल तर उठून निघा. लिंबाचा रस त्याच दिवशी पिळलेला हवा, ही एक अट मी कधीच सोडली नाही. सत्तरीच्या दशकात टिकी बुडालं त्याला फॅशन बदलली, व्हिएतनाम युद्धामुळे जंगलातल्या झोपडीचं चित्र लोकांना नकोसं झालं, ही कारणं देतात. ती खरीच आहेत. पण आतून बघणाऱ्याला दिसतं ते वेगळं: मालकांनी ताजा रस बंद केला आणि तयार पावडरी आणल्या. त्यानंतर बांबू आणि झावळ्यांना कोण विचारणार?

मोटेलांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांत कसब कमी आणि पाटी जास्त. हमरस्त्यावरून जाणारी गाडी थांबावी म्हणून दाराशी टोकदार छप्पर, पेटत्या मशाली आणि तलावाकाठी दोन-चार मूर्ती, मागे मात्र साध्या खोल्यांची चाळ. पाम स्प्रिंग्जचं १९६४ चं 'कॅलिएंटे ट्रॉपिक्स' या प्रकाराचा चांगला नमुना. पूर्व किनाऱ्यावर न्यू जर्सीच्या वाइल्डवुडमध्ये अशा मोटेलांची गर्दी. तिथल्या थंडीत माड जगत नाहीत, म्हणून प्लास्टिकचे लावतात. मुक्काम करायचाच तर पाम स्प्रिंग्ज.

आता तुमच्या प्रश्नातला 'खरोखर' हा शब्द मला टाळायचा नाही. या मूर्ती काहींच्या पूर्वजांच्या आणि देवांच्या आहेत. माओरी, हवायन, सामोअन लोकांपैकी अनेकांना त्यांच्या आकाराचे प्याले करून त्यातून दारू पाजलेली आवडत नाही, आणि गेल्या काही वर्षांत ते हे स्पष्ट बोलतात. त्यांचं म्हणणं मला पटतं. हवाईचं राज्य १८९३ मध्ये उलथवलं गेलं, १८९८ मध्ये गिळलं गेलं. टिकीच्या भरभराटीच्या वर्षांतच बिकिनी बेटावर अमेरिकेचे अणुस्फोट होत होते. बारच्या भिंतीवर यातलं काही दिसत नाही. म्हणून काही नवे बार मूर्ती वगळून फक्त रम, वनस्पती आणि समुद्र ठेवतात, आणि पेयाचं त्यात काहीही बिघडत नाही. मी स्वतः शेवटी जिथे काम केलं तिथे आम्ही मूर्तींच्या चेहऱ्याचे प्याले काढून टाकले, बांबू आणि माशांचे दिवे ठेवले. एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही. पण जुन्या जागा तोडाव्यात असंही मला वाटत नाही. त्या कामगारांच्या हातच्या आहेत, आणि ते हात आता परत मिळणार नाहीत.

बेटांवरचं खाणं चाखायचं असेल तर कॅलिफोर्नियात हवायन आणि सामोअन लोकांच्या स्वतःच्या साध्या खानावळी आहेत, तिथे जा. तुमच्या मंडळींना ते टिकी बारपेक्षा ओळखीचं वाटेल. हवायन पोई म्हणजे अळूचे कंद शिजवून कुटलेला लगदा. सामोआचं पालुसामी म्हणजे अळूची पानं नारळाच्या घट्ट दुधात शिजवलेली; आपल्या फदफद्याची चुलत बहीणच. कोकणात आपण नीरफणसाच्या कापा करतो, तोच नीरफणस त्यांनी होडीतून बेटाबेटांवर नेला. पालुसामीत काही वेळा खारवलेलं मांस असतं, तेवढं विचारून घ्या.

राहिली व्यवस्था. टिकी बारमधल्या 'पू पू' थाळीत, म्हणजे जेवणाआधीच्या चटकमटक पदार्थांच्या थाळीत, जवळजवळ सगळं मांस-मासळी असतं, आणि भाताच्या पदार्थांतही ऑयस्टर सॉस असू शकतो. त्यामुळे वहिनींना आधी जेवू घाला, किंवा फोन करून भाजीचं काय मिळेल ते विचारा. माय-कायचा मेन्यू मोठा आहे, तिथे अडचण येऊ नये. बिनदारूची पेयं आता चांगल्या बारमध्ये वेगळी लिहिलेली असतात. नसलीच तर बारटेंडरला सांगायचं: ग्रेपफ्रूट, लिंबू, दालचिनीचा पाक, थोडं बदामाचं सिरप, बर्फाचा चुरा, आणि मिक्सरवर तीन सेकंद. हे त्याच्याकडे हाताशीच असतं आणि कुठलाही जाणकार ते आनंदाने करून देईल.

तुम्ही स्वतः माय ताय मागवा, पण '१९४४ ची' असं म्हणून. झॉम्बी घ्यायचा तर एकच, पोटात काहीतरी गेल्यावर, आणि परतताना गाडी जावयाला चालवू द्या, त्याने काही घेतलं नसेल तरच. माय-कायच्या नृत्याच्या जेवणाचं टेबल आधी राखून ठेवावं लागतं. कार्यक्रमाच्या तासभर आधी पोहोचलात तर मोलोकाई बारमध्ये बसून मागची बागही उजेडात बघून होईल. अंधार पडल्यावर धबधबे दिसतात, झाडं दिसत नाहीत.